नकाशातल्या गाळलेल्या जागा

विमानतळाच्या काचेच्या दारापाशी एक लेक आपल्या आईला शेवटच्या सूचना देत होती. येणारे-जाणारे वळून बघत होते आणि गालात हसत होते, कारण सूचना सगळ्या नेहमीच्याच होत्या, फक्त आज त्या उलट्या दिशेनं वाहत होत्या.

"पासपोर्ट पिशवीत टाकू नकोस, अंगावरच ठेव. शेजारच्या सीटवर कुणी ओळख काढली तर लगेच सगळा वंशवेल सांगत बसू नकोस. वेळेवर जेव. आणि पोचलीस की फोन कर. आवरून झाल्यावर नाही, पोचलीस की."

"हो गं बाई."

"हो म्हणतेस आणि विसरतेस."

"तुझ्यावर गेलेय," आई म्हणाली आणि दोघी हसता हसता रडायच्या बेताला आल्या.

ही आई म्हणजे शाळेतल्या भूगोलाच्या बाई. निम्म्या गावानं त्यांच्या हातचा मार खाल्ला होता आणि उरलेल्या निम्म्याच्या पोरांनी. त्यामुळे सगळे त्यांना 'बाई'च म्हणत. पोस्टमन म्हणे, भाजीवाली म्हणे, आणि थट्टेची लहर आली की नवराही म्हणे. पन्नाशी उंबऱ्यावर येऊन उभी होती, आणि अशा वेळी बाई परदेशी शिकायला निघाल्या होत्या. शिकवायला नव्हे, शिकायला, हे त्यांना प्रत्येकाला दोनदा सांगावं लागलं होतं. नात्यातल्या एका चुलतसासूबाईंनी तर ऐकताक्षणी कपाळाला हात लावला होता. "या वयात माणसं देवाचं नाव घेतात. हिनं विमानाचं घेतलं!"

नवरा सामानाची गाडी धरून उभा होता. त्याचं तसबिरींना चौकटी करून देण्याचं दुकान होतं आणि बोलण्याच्या बाबतीत तो चौकटीबाहेर फारसा जात नसे.

"तिकडं थंडी असेल," तो म्हणाला.

"हो."

"मग... अंग झाकून राहा."

झालं. एवढ्यात त्यानं संसाराची सगळी वर्षं आटोपली. बाई आत गेल्या आणि मागं वळून बघितलं, तर लेक डोळे पुसत हात हलवत होती आणि नवरा दाराच्या काचेवरून अंगठा फिरवत होता. काच चौकटीत नीट बसलीय की नाही, ते निरोपाच्या घटकेलाही तपासून बघत होता. बाईंना तेव्हा त्याची इतकी माया आली, की पाय उचलेना. पण मागून रांग ढकलत होती, आणि रांगेला कुणाच्या मायेचं काय?

या सगळ्याचं मूळ एका लहान मुलीत होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी बाईंच्या वर्गात एक मुलगी आली, जन्मापासून दृष्टी नसलेली. अंगानं किरकोळ आणि आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. एकदा भिंतीवरचा मोठा नकाशा दाखवून बाईंनी धडा संपवला, पोरं खेळायला पळाली, आणि चिमणी चाचपडत भिंतीपाशी आली. तिनं दोन्ही तळवे नकाशाभर फिरवले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बाई, हे तर सगळं गुळगुळीत आहे," ती म्हणाली. "समुद्र कुठून सुरू होतो?"

त्या संध्याकाळी बाई नवऱ्याच्या दुकानात गेल्या आणि पुठ्ठ्याचे तुकडे, सुतळी, सरस असलं काय काय उचलून घरी आल्या. नदीला दोरा, डोंगराला चिकटवलेलं धान्य, वाळवंटाला घासकागद. चिमणीची बोटं त्यावरून फिरायची आणि ती म्हणायची, "छान आहे बाई." तेव्हापासून बाईंना नादच लागला. चिमणी शाळेतून गेली, पण तिच्यासारखी आणखी मुलं कुठून कुठून येत राहिली. आणि मग एके दिवशी बाईंना कळलं, की जगात एक जागा अशी आहे जिथं बोटांनी वाचायचे नकाशे कसे करावेत हे रीतसर शिकवतात. एक वर्षाचा अभ्यासक्रम, आणि निवड झाली तर सगळी सोय त्यांच्याकडून. बाईंनी गंमत म्हणून अर्ज केला. निवड झाली तेव्हा मात्र गंमत गळ्याशी आली.

विमान ढगांच्या वर आलं आणि बाईंनी खिडकीला नाक लावलं. ढग संपले तशी खाली जमीन दिसू लागली, मळकट, मऊ, कुणीतरी चुरगाळून पुन्हा पसरलेल्या चादरीसारखी. तिच्यावर कसलीच रेघ नव्हती आणि कशाचंच नाव लिहिलेलं नव्हतं. आयुष्यभर ज्या सीमा त्यांनी लाल खडूनं गिरवून घेतल्या, त्यांतली एकही दिसेना. हा कुठला देश, हेही कळेना. वर्गातल्या पोरांनी आत्ता विचारलं असतं तर बाईंना म्हणावं लागलं असतं, "पाहून सांगते."

सूर्य विमानाच्या बरोबरीनं चालला होता. दुपार काही संपेचना. चेंडू आणि बॅटरी घेऊन दिवस-रात्र कशी होते ते बाई दरवर्षी शिकवत. अंधाऱ्या वर्गात चेंडू हळूहळू फिरवायच्या आणि म्हणायच्या, "समजा, इथं एक मुंगी आहे." आज त्या स्वतःच ती मुंगी झाल्या होत्या. त्या लांबच लांब पिवळ्या दुपारीत त्यांना डुलकी लागली, जाग आली, पुन्हा लागली. शेजारच्या अनोळखी गृहस्थाचं डोकं झोपेत त्यांच्या खांद्यावर आलं. बाईंनी ते तसंच राहू दिलं. सहलीला बसमध्ये पोरं अशीच झोपतात. मग त्यांना स्वप्न पडलं, की आपण हातात छडी घेऊन ढगांवरून चाललोय, मागं दोन-दोनच्या रांगेत सगळा वर्ग आहे, आणि कुणीच खाली पडत नाहीये. "पाय बघून टाका रे," त्या झोपेत म्हणाल्या. विमानातल्या मुलीला वाटलं, यांना काहीतरी हवंय. तिनं पाणी आणून दिलं.

वसतिगृहातली खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दार उघडल्याबरोबर बाईंना खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडलेले दात दिसले. वरचे, खालचे, अक्कलदाढेसकट, सगळे पांढऱ्या प्लॅस्टरचे. बाईंनी एक पाऊल मागं घेतलं.

"घाबरू नका, ते चावत नाहीत," आतून आवाज आला. दुसऱ्या पलंगावर एक मुलगी केस विंचरत बसली होती. दंतवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि बाईंच्या लेकीहूनही लहान. बाईंनी मनात तिचं नाव दातवाली ठेवलं. ती बाईंकडे, त्यांच्या पिकल्या केसांकडे, भल्यामोठ्या बॅगेकडे बघत होती.

"मुलीला सोडायला आलात?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मलाच सोडलंय."

पहिले काही दिवस कसे गेले ते बाईंना पुढे कधीच नीट आठवलं नाही. शरीर इकडं आलं होतं आणि झोप अजून तिकडंच घुटमळत होती. भर दुपारी डोळे मिटायचे, पहाटे टक्क उघडायचे. पहाटे खिडकीबाहेर सगळं दुधाळ असायचं. समोरच्या इमारती धुक्यात अर्ध्याच उरायच्या, वरच्या मजल्यांना खालचे मजलेच नसायचे. रस्त्यावरून कुणी चाललं तर आधी पावलं ऐकू यायची आणि माणूस नंतर यायचा. बाई शाल पांघरून खिडकीशी बसायच्या, प्लॅस्टरच्या दातांच्या शेजारी, आणि आपण जाग्या आहोत की नाही याचा अंदाज घ्यायच्या. त्यात एकदा त्या दूध आणायला गेल्या आणि रस्ता चुकल्या. गल्ल्या सगळ्या एकसारख्या, दारं एकसारखी. शेवटी एका पोस्टमननं त्यांना वसतिगृहापर्यंत आणून सोडलं. "कुठल्या विषयाचा अभ्यास करता?" त्यानं वाटेत विचारलं. भूगोलाचं नाव घ्यायला बाईंची जीभ रेटेना. "शिवणकाम," त्या म्हणाल्या.

अभ्यासक्रमाची कार्यशाळा एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होती. लांब टेबलं, टेबलांवर कात्र्या, मेणाचा दोरा, कॉर्कचे तुकडे, आणि कोपऱ्यात एक यंत्र. त्यात खास कागद सरकवला की काळ्या रेघा गरम होऊन फुगून वर यायच्या. वर्गात सगळी तरणीताठी पोरं. प्राध्यापक उंच, हडकुळे. त्यांच्या बाहीला कायम सुकलेला सरस चिकटलेला असे. बाई सवयीनं पहिल्या बाकाकडे गेल्या, मग इतक्या वर्षांची हौस म्हणून वळून शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. तिथून फळ्यावरचं काही दिसेना. तरी त्या खूश होत्या.

प्राध्यापकांनी सांगितलं होतं, प्रत्येकानं आपला सगळ्यांत आवडता नकाशा घेऊन यावं. बाईंनी घरून आणला होता, नवऱ्यानं चौकटीच्या कोपऱ्यांत बसवून बांधून दिलेला. आपल्याकडच्या नदीच्या खोऱ्याचा. काय नव्हतं त्यात! नदीला जाड दोरा, ओढ्यांना बारीक दोरा, डोंगरांना धान्याचे थर, शेतांना गोणपाट, रस्त्याला वेणी, रेल्वेला आगपेटीच्या काड्या, गावागावाला मणी. महिनोन्‌महिने बसून केलेला. पोरं भोवती जमली आणि वा वा करू लागली. बाई वरवर "छे हो" म्हणत होत्या, पण आतून फुलल्या होत्या.

मग दार उघडलं आणि पांढरी काठी टेकवत एक बाई आत आल्या. साठीच्या पुढच्या, केस आखूड कापलेले, अंगात हिरवा स्वेटर. दृष्टी लहानपणीच गेलेली. जन्मभर त्यांनी इस्पितळाच्या टेलिफोनवर नोकरी केली होती, आणि आठवड्यातून एकदा त्या इथं नकाशे तपासायला येत. मुलांनी केलेला नकाशा त्यांच्या बोटांनी पास केला तर पास. मुलं त्यांना टेलिफोनवाली म्हणत आणि चळाचळा कापत.

टेलिफोनवालीनं बाह्या सारल्या आणि दोन्ही हात बाईंच्या नकाशावर ठेवले. बोटं निघाली, थांबली, मागं फिरली, पुन्हा निघाली.

"हे काय आहे?"

"नदीचं खोरं आहे," बाई म्हणाल्या.

"यातली नदी कुठली?"

बाईंनी त्यांचं बोट धरून जाड दोऱ्यावर ठेवलं. बोट दोऱ्यावरून थोडं गेलं आणि गोणपाटात घुसून हरवलं.

"खूप मेहनत घेतलीत," टेलिफोनवाली म्हणाली. "कुणासाठी केला होता?"

"माझ्या एका विद्यार्थिनीसाठी. तिला दिसत नाही. तिला फार आवडायचा. छान आहे म्हणायची."

"छान आहेच. मी विचारते, तिला समजायचा का?"

बाईंनी गोणपाटाची सुटलेली एक दशी उगाच आत खोचली.

"तुम्हाला सगळंच सांगायचंय," टेलिफोनवाली म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "डोळे एका नजरेत सगळं घेतात म्हणे. मला ठाऊक नाही. माझं बोट मात्र एका वेळी एकच गोष्ट घेतं. इथं मला एकदम सगळे बोलल्यासारखं वाटतंय. लाइनवर शंभर माणसं."

त्या दुपारी बाई खोलीवर आल्या आणि कोट न काढताच पलंगावर पडल्या. बाहेर बर्फ पडायला लागला होता, आवाज न करता. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला बर्फ, आणि बाईंनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. हातपाय गाळणं म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं. हात कोपरापासून आणि पाय गुडघ्यापासून खरोखरच कुठंतरी गळून पडल्यासारखे वाटत होते. चुलतसासूबाई बरोबरच म्हणाल्या होत्या. नाही त्या वयात नाही ती हौस.

त्यांनी घरी फोन लावला.

"मी परत यावं म्हणतेय," त्या म्हणाल्या.

नवरा दुकानात असावा, काच कापल्याचा बारीक चर्रर्र आवाज आला आणि थांबला.

"ये," तो म्हणाला.

"ये? असं कसं म्हणता हो तुम्ही? नको येऊस म्हणावं की नाही माणसानं?"

"नको येऊस म्हटलं तर तू येशील. संसार केलाय तुझ्याबरोबर. म्हणून म्हणतो, ये."

बाईंना हसू फुटलं आणि हसण्याच्या पाठोपाठ रडूही. नवरा फोन धरून बसून राहिला. त्याला समजूत घालता येत नसे, पण फोन धरून बसता येई.

रडून झाल्यावर मनात एकच गोष्ट उरली. चिमणी. आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि दर पाडव्याला नाही तरी दर परीक्षेला बाईंना फोन करायची. बाईंनी तिचा नंबर लावला. मायदेशी संध्याकाळ झाली असणार. मागं कुठंतरी भांड्यांचा आवाज येत होता.

"बाई! तुम्ही तिकडून फोन केलात? सगळं ठीक ना?"

"चिमणे, एक विचारायचंय. खरं खरं सांग, गुरूला खोटं सांगितलं तर पाप लागतं. मी तुला नकाशे करून द्यायचे, ते तुला समजायचे का गं?"

भांड्यांचा आवाज थांबला.

"रागावणार नाही ना?"

"नाही."

"बाई, मला वाटायचं कुणीतरी धान्य सांडून ठेवलंय," चिमणी म्हणाली आणि तिला एकदम हसू आवरेना. "आणि गोणपाट टोचायचा हो फार!"

"अगं, मग बोलायचं नाही का तेव्हा? छान छान कसलं म्हणायचीस?"

"छान वाटायचं म्हणून म्हणायचे. तुम्ही माझं बोट धरून सांगत असायचात ना? आता बघ नदी वळली, इथं घाट आहे, इथं म्हशी बसतात, पलीकडं गार वारा येतो... तो नकाशा मी ऐकायचे, बाई. बोटं नुसतीच तुमच्या हातात असायची. समुद्र कुठून सुरू होतो ते मला पक्कं कळलं होतं. तुमचा आवाज तिथं हळू व्हायचा."

बाईंनी फोन ठेवला. खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर बर्फ साचत चालला होता. दातवाली बाहेरून आली, केसांत पांढरे कण घेऊन, आणि म्हणाली, "हे काय, तुम्ही अजून खाली गेला नाहीत? पहिलाच बर्फ ना तुमचा?" तिनं बाईंना हाताला धरून खाली नेलं. बाईंनी तळहात पुढे केला. कण यायचा, टेकायचा, आणि बघेपर्यंत नसायचा. बाई हात तसाच धरून उभ्या राहिल्या, बोटं गारठेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या.

आणि मग सुरू झालं गाळणं. इतकी वर्षं प्रश्नपत्रिकेत 'गाळलेल्या जागा भरा' घालणाऱ्या बाईंवर आता गाळण्याची वेळ आली होती, आणि भरण्यापेक्षा ते कितीतरी अवघड निघालं. प्राध्यापकांनी त्यांना काम दिलं ते बस थांब्यापासून नदीकाठापर्यंतच्या पायवाटेचं. बाई रोज सकाळी ती वाट चालत. थांबा, उतार, पायऱ्या, कठडा, बाक, पूल. पहिल्या वेळी त्यांनी झाडंसुद्धा घातली. टेलिफोनवालीची बोटं झाडांत अडकली. "ही कोण मंडळी?" दुसऱ्या वेळी झाडं गेली, पण दिव्याचे खांब राहिले. "मला दिव्यांचा काय उपयोग?" टेलिफोनवालीनं विचारलं, आणि बाई खजील होऊन स्वतःच हसल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी दुकानं काढली. मग कारंजं काढलं. प्रत्येक गोष्ट काढताना जिवावर यायचं, सुंदर गोष्टी तर फारच. काढलेल्या तुकड्यांचा टेबलावर ढीग साचायचा: कॉर्कची झाडं, मेणाचं कारंजं. प्राध्यापक येता-जाता ढिगाकडे बघून मान डोलवायचे.

याच काळात बाई आणि टेलिफोनवाली यांचं सूत जुळलं. तपासणी झाली की दोघी कोपऱ्यात चहा घेत बसत. टेलिफोनवाली इस्पितळातल्या गोष्टी सांगे: कुणी घाबरून फोन करायचं आणि स्वतःचं नावच विसरायचं, कुणाला बाळ झालं की आधी नुसतं रडायला यायचं. "मी त्यांना एकच सांगायचे," ती म्हणे, "आधी श्वास घ्या, मी लाइनवर आहे." बाईंना वाटे, हिला आपल्या शाळेत नेऊन बसवावं.

हिवाळा सरत आला तेव्हा नकाशा तयार झाला. एक सरळ फुगीर रेघ, तिला एक वळण. पायऱ्यांना आडव्या चार खुणा. बाकाला टिंब. नदीला मऊ लाटांचा पट्टा. बस्स. नवऱ्यानं तो बघितला असता तर म्हणाला असता, "चौकटीत बाकी काय भरायचं राहिलंय?"

परीक्षेचा नियम साधा होता. तपासनिसानं नकाशा वाचून अनोळखी वाटेनं एकटं जायचं, आणि नकाशा करणाऱ्यानं मागून चालायचं, तोंड मिटून. बाईंना मिटलेलं तोंड सगळ्यांत जड जाणार होतं.

त्या सकाळी धुकं होतं, पण पातळ, मागून ऊन लागलेलं, त्यामुळे सगळी हवाच मोत्यासारखी झाली होती. थांब्यावर उतरून टेलिफोनवालीनं नकाशा हातावर पसरला, बोट एकदा रेघेवरून शेवटापर्यंत नेलं, नकाशा घडी करून खिशात घातला, आणि ती निघाली. बाई मागून. काठीची टकटक पुढे, बाईंचं काळीज मागं. उतार आला, टेलिफोनवालीचा वेग कमी झाला. पायऱ्यांच्या अलीकडे ती थांबली, काठीनं पहिली पायरी शोधली आणि उतरू लागली. बाईंनी ओठ दातांखाली धरले होते. पेपर लिहिणाऱ्या पोराच्या खांद्यावरून डोकावताना उत्तर बरोबर येत असलं, तरी बाईंचा जीव असाच टांगणीला लागे. वळण आलं. टेलिफोनवाली वळली. कठडा, मग बाक. तिनं बाकाच्या पाठीवर हात ठेवला, नुकत्याच भेटलेल्या ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"पोचले," ती म्हणाली. "पायऱ्यांच्या खुणा अजून थोड्या ठळक करा. बाकी पास."

आजवर हजारो वह्यांवर बाईंनी 'छान' असा शेरा मारला होता, पण तो मिळाल्यावर कुणाला तरी दाखवायला पळत सुटावंसं वाटतं, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

टेलिफोनवालीनं नाक वर करून वास घेतला. "आता परीक्षा संपली, बोला. इथं आणखी काय आहे? रंगाचा वास येतोय."

"होड्या आहेत," बाई म्हणाल्या. "मी त्या गाळल्या. आज इथं असतात, उद्या पाण्यात."

"बरोबर केलंत. पण कशा आहेत?"

होड्या काठावर पालथ्या घालून ठेवल्या होत्या आणि धुक्यात एक माणूस त्यांतल्या एकीला पांढरा रंग देत होता. 'पालथ्या'साठी तिथल्या भाषेतला शब्द काही केल्या बाईंना आठवेना. त्यांनी टेलिफोनवालीचा हात हातात घेतला आणि तळवा खाली करून, जरा बाक देऊन धरला. "अशा."

"अच्छा," टेलिफोनवाली म्हणाली आणि हात पुढे करून तिनं जवळच्या होडीचं पोट चाचपलं.

"अहो! ओला आहे रंग!" रंगवणारा ओरडला. दोघींचे तळवे पांढरेफेक झाले होते, कारण बाईंचा हातही तिच्याबरोबरच गेला होता. माणूस तणतणत आला, त्यानं पंजे उमटलेल्या होडीकडे बघितलं, मग या दोन पोक्त बायकांकडे, आणि शेवटी मुकाट्यानं रॉकेलाचा वास येणारी एक चिंधी पुढे केली. टेलिफोनवालीला हसता हसता ठसका लागला.

पुढे ते वर्ष सरलं, बाई पास होऊन घरी आल्या, शाळेत त्यांनी एक लांब टेबल घातलं आणि चौकटीच्या दुकानातलं सामान पुन्हा कमी होऊ लागलं. पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी दोघी बाकावर बसल्या, एकमेकींची बोटं चिंधीनं पुसत, आणि टेलिफोनवाली म्हणाली, "हं. आणखी?"

बाई सांगू लागल्या. पलीकडचा काठ दिसत नाहीये. पाणी हलतंय, पण कुठं जायची घाई नसल्यासारखं. दोन पाखरं आहेत, एक पाण्यावर आणि एक कठड्यावर, आणि दोघांचं बहुधा भांडण झालंय. ऊन आता धुक्याच्या आतून वर येतंय, दुधात हळद मिसळावी तसं... बोलता बोलता आपण केव्हापासून मराठीतच बोलतोय, हे बाईंच्या ध्यानात आलं, आणि त्या ओशाळून थांबल्या.

"का थांबलात?" टेलिफोनवालीनं विचारलं.

"अहो, मी माझ्याच भाषेत बोलत सुटले. तुम्हाला एक अक्षर कळलं नसेल."

"नाही कळलं," ती म्हणाली आणि बाकाला पाठ टेकून आरामात बसली. "पण आत्ता काहीतरी वाहत होतं. ते पुढं कुठं गेलं, सांगा."